जुलैतलं पाणी

फळीवरच्या धुळीत एक स्वच्छ वर्तुळ होतं. नॅरेलने त्यावरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. बोटाला काही लागलं नव्हतं. वर्तुळाच्या बाहेर मात्र धुळीचा चांगला थर होता. म्हणजे कुंडी उचलून फार दिवस झाले नव्हते.

तिने कोटाच्या खिशातून फोन काढला. गेल्या रविवारी तिने या फळ्यांचे फोटो घेतले होते. तेव्हा मनात काहीच नव्हतं, निव्वळ सवय. कॅनबेराच्या एका विमा कंपनीत ती सव्वीस वर्षं दावे तपासत होती. जळालेली स्वयंपाकघरं, फुटलेले नळ, चोरीला गेलेली घड्याळं. लोक काय सांगतात आणि खरं काय घडलेलं असतं, हे पडताळून बघण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. फोटोत त्या जागी निळसर करड्या पानांची एचेव्हेरिया होती. गुलाबाच्या पाकळ्यांसारखी रचलेली जाड पानं, खाली बोटभर लांब मान. इथल्याच, कूमा गावातल्या वार्षिक प्रदर्शनातून आईने ती आणली, त्याला आता वीस वर्षं झाली असतील.

व्हरांडा काचबंद होता आणि उत्तरेला, म्हणजे इथल्या सूर्याच्या बाजूला तोंड करून होता, त्यामुळे हिवाळ्यातलं सगळं ऊन तिथेच मुक्कामाला असे. दर वर्षी एप्रिल संपता संपता तिचे वडील क्लेम अंगणातल्या सगळ्या सक्युलंटच्या कुंड्या एकेक करून आत आणत. त्या पानांत पाणीच भरलेलं. उघड्यावर गोठलेल्या दहिवराची एक रात्र काढली की पान उकडलेल्या वांग्यासारखं काळं आणि लिबलिबीत होऊन खाली पडायचं. आणि कूमात जुलैतली सकाळ उणे सातवरही जात असे.

“बाबा, आईची ती निळी कुंडी कुठे गेली?”

स्वयंपाकघरात सूप ढवळण्याचा आवाज थांबला.

“असेल तिथेच.”

“नाहीये.”

“मग दानीने नेली असेल.”

“नेली म्हणजे?”

“म्हणजे उचलून. दोन्ही हातांनी.” क्लेम दारात आले. एक्याऐंशी वर्षांचे, अजूनही ताठ. आयुष्यभर नगरपालिकेचं रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलेले त्यांचे हात डावावर फार मोठे दिसत होते. “झाड आहे, नॅरेल. नवरा नाही. नेलं तर नेलं.”

“पण कशाला?”

“विचार की तिला. सूप उतू जाईल माझं.”

ते परत आत गेले. तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाबांनी दाढी केली होती. आई गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, रविवारी त्यांच्या गालावर पांढरे खुंट ठरलेले असत. आज गाल गुळगुळीत होते, आणि शर्टाला चक्क इस्त्री होती.

दानी म्हणजे दानित्सा. मागच्या कुंपणापलीकडे राहणारी. तिचे वडील युगोस्लाव्हियातून डोंगरातल्या बोगद्यांच्या कामावर आले, तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता पंचाहत्तरी ओलांडलेली, विधवा, दोन्ही मुलं दूर क्वीन्सलंडला. आई असताना ती या घरी क्वचित येत असे, तीसुद्धा कुंपणावरून अंड्यांची टोपली द्यायला. आता कुंपणातली एक फळी काढून तिथे ये-जा करायला वाट केलेली नॅरेलला दिसली. ती फळी कुणी काढली, हे तिने विचारलं नाही. टेबलावर बसून भोपळ्याचं सूप प्यायली, आणि निघताना सगळ्या फळ्यांचे पुन्हा फोटो काढले. या वेळी हेतू मनात धरून.

*

पुढच्या रविवारी आणखी एक वर्तुळ होतं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी दोन.

नॅरेल बाबांना काही बोलली नाही. तपासणीत पहिला नियम हाच होता, ज्याला विचारायचं त्याला सगळ्यात शेवटी विचारायचं. ती फक्त बघत राहिली. दानित्साकडे घराची किल्ली होती, ती मागच्या दाराच्या कुलपात उघड करकरायची. आईचा केकचा निळा डबा तिच्या खिडकीत दिसत होता. बाबांच्या अंगात हाताने विणलेला नवा स्वेटर होता, आणि तो कुठून आला विचारल्यावर ते म्हणाले, “लोकरीपासून.” कॅनबेराला परतल्यावर तिने इंटरनेटवर शोधलं. जुन्या, मोठ्या झालेल्या अशा झाडांना चांगली मागणी होती. लोक त्यांची मान किती लांब आहे ते विचारून घेत होते.

चौथ्या रविवारी निळी कुंडी परत आली होती.

नॅरेल गुडघ्यावर बसली. कुंडी तीच. काठावरचा टवका आईच्या हातून उडालेला, तो तिने ओळखला. झाड मात्र ते नव्हतं. लांब मान गायब होती आणि गुलाब थेट मातीवर बसला होता, बुटका, नुकताच लावल्यासारखा. तिने फोनमधला जुना फोटो शेजारी धरला.  हा प्रकार तिने पूर्वी पाहिला होता. अंगठीतला खरा हिरा काढायचा, काचेचा बसवायचा आणि अंगठी परत पेटीत ठेवून द्यायची. म्हाताऱ्या माणसांच्या घरातच हे घडतं, कारण म्हातारी माणसं पेटी उघडतात, खडा बघत नाहीत.

त्या संध्याकाळी तिने पर्थला भावाला फोन लावला.

“कुंड्या?” डॅरिल म्हणाला. मागे टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू होता. “शेजारीण कुंड्या चोरतेय?”

“बदलतेय. जुनं नेते, नवं आणून ठेवते.”

“आणि बाबांना कळत नाही?”

नॅरेलने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हे बघ,” डॅरिलने टीव्हीचा आवाज कमी केला. “मी वर्षभर सांगतोय. कुणीही येतं, कुणीही काही उचलून नेतं, आणि त्यांना पत्ता नाही. आज कुंडी, उद्या घराचे कागद. त्यांनी एकटं राहणं आता पुरे. गुरुवारी त्यांना एकटं राहता येतं का ते तपासणारा सरकारी माणूस येणार आहे ना, त्याला हे सगळं सांग. फोटो दाखव. तुझ्या घराजवळच्या त्या वृद्धनिवासात जागा आहे म्हणालीस तूच.”

“मी फक्त चौकशी केली होती.”

“मग झालं तर. तू चौकशी केलीस की पुढे काय होतं, ठाऊक आहे मला.”

फोन ठेवल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. कुणीतरी तिचं म्हणणं मानलं होतं. पण रात्रीचं जेवण तिने अर्धंच खाल्लं.

*

मंगळवारी तिने रजा टाकली. पहाटे निघाली, आणि कूमाला पोचली तेव्हा कुरणं अजून पांढरी होती. कुंपणांच्या तारांवर दहिवर साचून त्या दोऱ्यांसारख्या जाड दिसत होत्या. गाडी तिने बाबांच्या दारात लावली नाही. मागच्या गल्लीत, दानित्साच्या घरापासून चार घरं अलीकडे लावली आणि काच किंचित खाली करून बसली. आपण कुठल्याशा परक्या माणसाच्या घरावर नजर ठेवून बसलो आहोत असं तिने स्वतःला भासवलं. तसं ती अनेकदा बसली होती. फक्त या गल्लीत ती लहानपणी सायकल शिकली होती.

साडेनऊला कुंपणाच्या वाटेतून दानित्सा बाहेर आली. डोक्याला रुमाल, पायांत गमबूट, आणि हातात लाकडी खोकं. खोक्यावर चहाचा टॉवेल टाकलेला. ती भराभर चालत स्वतःच्या मागच्या दारातून आत गेली.

नॅरेल गाडीतून उतरली. दार लोटलेलंच होतं. तिने टकटक केली नाही.

ती कपडे धुण्याची खोली होती. कोपऱ्यात छोटा हीटर चालू होता, आणि खिडकीखालच्या लांब फळीवर वर्तमानपत्रं पसरलेली होती. त्यावर बाबांची झाडं होती. नॅरेलने ती एका नजरेत ओळखली, पण ती झाडांसारखी दिसत नव्हती. कुणाची मान कापलेली, कुणाची पानं सुटी करून एका ओळीत मांडलेली. लवेच्या पांढऱ्या पानांची ती फांदी, बाळाच्या कानासारखी पानं म्हणून आई जिला सारखी हात लावायची, दोन तुकडे होऊन पडली होती. बादलीत काळपट, कुजके बुंधे होते. खोलीत ओल्या मातीचा आणि सडक्या कांद्यासारखा वास भरला होता.

“दार वाजवायची पद्धत आहे आमच्याकडे,” दानित्सा वळून न बघताच म्हणाली. खोक्यातली कुंडी तिने फळीवर ठेवली. “तुझी ती पांढरी गाडी अर्धा तास उभी आहे तिकडे. मला वाटलं कॉफीला येशील. मग वाटलं, नाही, ही पोलिसांना घेऊन येणार.”

“ही झाडं माझ्या आईची आहेत.”

“काही तुझ्या आईची. बरीचशी क्लेमची. एक माझं आहे, ते मी ओळखते.”

“तुम्ही ती कापताय.”

“हो.”

“आणि बदलून ठेवताय. माझ्याकडे फोटो आहेत.”

दानित्साने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे फिक्या रंगाचे होते आणि त्यांत राग नव्हता, हे नॅरेलला खटकलं. पकडलेली माणसं आधी चिडतात.

“इकडे ये,” ती म्हणाली. “हात पुढे कर. कर गं, चावत नाही मी.”

तिने नॅरेलचा हात धरला आणि नुकत्याच आणलेल्या कुंडीतल्या मातीवर दाबला. बोटांच्या फटींतून थंडगार पाणी वर आलं आणि मनगटावरून ओघळलं.

“जुलै महिना आहे,” दानित्सा म्हणाली. “काल रात्री उणे सात. मला ही झाडं सांभाळायला क्लेमने शिकवलं, तुझी आई होती तेव्हाच, कुंपणावरून. ओरडून सांगायचा. दानी, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत थेंबही नाही! झोपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओततेस का? असं म्हणायचा.” तिने चाकू उचलला, झाड मातीतून अलगद उपसलं. खालचा बुंधा तिच्या बोटांत दबला. “आणि आता तोच ओततो. एक कुंडी, मग दुसरी. बुंधा कुजला की खालचं सगळं फेकायचं, वरचा चांगला भाग कापून वाळवायचा, मुळं फुटली की परत लावायचा. म्हणून मान जाते. झाड तेच असतं. तुझ्या फोटोत ते येत नसेल.”

प्रत्येक तुकड्यापाशी कागदाची चिठ्ठी होती. नॅरेलने वाकून वाचल्या. ‘क्लेम, मधली फळी, डावीकडून तिसरी.’ ‘क्लेम, व्हॅलची, फार जपून.’ व्हॅल म्हणजे तिची आई. सुट्या पानांच्या टोकांना केसांएवढी गुलाबी मुळं फुटली होती.

“त्यांना विचारलं नाहीत?”

“एकदाच. म्हटलं, क्लेम, हिला पाणी कुणी घातलं? तर म्हणाला, कसलं पाणी? आणि असं बघितलं माझ्याकडे, अगदी सरळ, लहान मुलासारखं. मग मी परत नाही विचारलं.” चाकू कापडाने पुसत ती थांबली. “माझ्या नवऱ्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या. मग गॅस. मग मी कोण ते.”

“आम्हाला कळवायचं होतंत.”

“म्हणजे तुम्ही त्याला उचलून न्यायला मोकळे.” पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “खोटं सांगतेय का? सांग ना. गुरुवारी तो कागदवाला येणार आहे, मला क्लेमने सांगितलंय. म्हणून मी आज लवकर गेले. म्हटलं, त्याला एकही ओली कुंडी दिसायला नको.”

 मनगटावरचं पाणी नॅरेलने कोटाला पुसलं.

“मला वाटलं होतं...” तिने सुरुवात केली.

“ठाऊक आहे काय वाटलं होतं. बस. कॉफी टाकते.”

“नको. मी आधी त्यांच्याकडे जाते.”

“मग त्याला ओरडू नकोस,” दानित्सा मागून म्हणाली. “ऐकलंस? अशा माणसांना ओरडलं की ती घाबरतात, आणि घाबरली की आणखी विसरतात.”

*

कुंपणाच्या वाटेतून ती अंगणात आली. गवतावरचं दहिवर उन्हाने वितळत होतं, आणि जिथे घराची सावली होती तिथे तशीच पांढरी पट्टी राहिली होती. ती पट्टी संपली तिथून व्हरांड्याच्या काचा दिसत होत्या. बाबा आत उभे होते. त्यांच्या हातात स्वयंपाकघरातलं दुधाचं भांडं होतं.

नॅरेल हाक मारणार होती. तिने मारली नाही.

क्लेमनी एका कुंडीच्या पानांवरून अंगठा फिरवला, मान हलवली आणि कुंडी जागच्या जागी ठेवली. दुसरी उचलली. बुंध्याला हलकंसं दाबून पाहिलं, उजेडाकडे धरून पानांच्या खालून बघितलं. तीही ठेवली. तिसरी मात्र त्यांच्या मनाला आली असावी. ती त्यांनी फळीच्या कडेला घेतली आणि शेजारच्या दोन कुंड्या वीतभर लांब सरकवल्या, शिंतोडे उडू नयेत म्हणून. मग भांडं वाकडं करून सावकाश पाणी घातलं. थांबले. माती पिते का बघितलं. पुन्हा घातलं. फळीवर सांडलेले दोन थेंब त्यांनी खिशातून रुमाल काढून टिपून घेतले, आणि कुंडी वळवून तिचा ओला भाग भिंतीकडे केला.

नॅरेल काचेबाहेर उभी राहून हे बघत होती. तिच्या व्यवसायात माणसं कशामुळे पकडली जातात हे तिला पक्कं माहीत होतं. चुकीमुळे फारशी नाहीत. चूक कुणाकडूनही होते. माणसं पकडली जातात ती नीटनेटकेपणामुळे.

तिने दार उघडलं. क्लेमनी भांडं पाठीमागे नेलं, मग त्यांचं त्यांनाच ते बरं वाटलं नसावं, कारण त्यांनी ते परत पुढे आणलं.

“मंगळवार आहे,” ते म्हणाले. “रविवारी येतेस तू.”

“जुलै आहे, बाबा. पाणी सप्टेंबरात घालता तुम्ही.”

क्लेम वेताच्या खुर्चीत बसले. भांडं त्यांनी मांडीवर धरलं होतं. बाहेर कुंपणावर दोन काकाकुवे भांडत होते, ते त्यांनी थोडा वेळ बघितलं.

“व्हॅल गेली तेव्हा दानी महिनाभर रोज काही ना काही घेऊन यायची,” ते म्हणाले. “मग बंद झालं. बरोबरच आहे. महिन्याच्या वर कोण येतं? मी एक-दोनदा चहाला बोलावलं. आली. पण पाहुणी म्हणून आली. कोट अंगातच, पर्स मांडीवर, अर्ध्या तासाने घड्याळ बघितलं आणि गेली. गेल्या हिवाळ्यात छप्पर गळलं आणि तिथली एक कुंडी कुजली. ते तिला दिसलं. कोट काढला, बाह्या वर केल्या आणि दोन तास होती इथे. मला शिव्या घालत होती, छप्पर गळू दिलं म्हणून. झाड घेऊन गेली, मग ते कसं आहे ते सांगायला दोनदा आली. मग परत आणून द्यायला आली.”

“मग?”

“मग काय? मी छप्पर दुरुस्त केलं.” ते थांबले. “मूर्खपणा झाला.”

नॅरेलला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ती पायरीवर बसली.

“आईची झाडं आहेत ती.”

“तिच्या हातून एकही मेलेलं नाही. नीट बघून देतो मी. ज्याला परत मुळं फुटतील असंच. तुझ्या आईची निळी दिली तेव्हा दोन रात्री झोप लागली नाही.”

“तिला काय वाटतं ठाऊक आहे? तिला वाटतं तुमचं डोकं कामातून चाललंय. नवऱ्यासारखं.”

क्लेमचा हात भांड्यावर थबकला.

“तसं म्हणाली?”

“रडली नाही एवढंच.”

त्यांनी मान खाली घातली. मान वर केली तेव्हा ते खरोखर एक्याऐंशी वर्षांचे दिसत होते.

“हे मी हिशेबात धरलं नव्हतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, ती मला वेंधळा समजत असेल. वेंधळा चालतो.” मग एकदम, “डोकं ठीक आहे माझं. शंभरातून सात वजा करत जायला सांगतात ना ते लोक? त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट...”

“पुरे, बाबा.”

“अठ्ठावन्न. गुरुवारी त्याला शून्यापर्यंत म्हणून दाखवतो.”

“शून्यापर्यंत जात नाही ते. शेवटी दोन उरतात.”

“तेही सांगतो त्याला.” ते पुढे झुकले. “नॅरेल, डॅरिलला काय सांगायचं ते सांग. तिला नको सांगूस.”

“ती घाबरलीय. तिला असं घाबरलेलं ठेवायचं?”

 ते भांड्यातल्या उरलेल्या पाण्याकडे बघत राहिले. तेवढ्यात मागच्या दाराच्या कुलपात किल्ली करकरली, आणि क्लेम लगबगीने उठून भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेले.

*

दानित्सा खोकं घेऊन आली होती. आत तीन कुंड्या होत्या, परत करायच्या, गुरुवारआधी फळ्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून. ती सरळ नॅरेलपाशी आली.

“ओरडलीस?” तिने हळू आवाजात विचारलं.

“नाही.”

“मग? काय म्हणाला?”

स्वयंपाकघरात नळ जोरात सुटला होता. कॉफीसाठी एवढ्या पाण्याची गरज नव्हती. नॅरेलला वाटलं, तिकडे बाबा नळ सोडून कान देऊन उभे असतील, आणि त्यांना काही ऐकू येत नसेल.

“त्यांचं डोकं शाबूत आहे,” ती म्हणाली. “पूर्ण. मी खात्री करून घेतलीय. शंभरापासून सात सात वजा करत गेले, एकही चुकले नाहीत. मला स्वतःला ते जमलं नसतं.”

दानित्साच्या हातातलं खोकं थोडं खाली आलं. तिने श्वास सोडला, मोठा, आणि डोळे मिटून घेतले. मग उघडले.

“मग पाणी का घालतो तो?”

 सव्वीस वर्षं नॅरेलने प्रश्न विचारून समोरच्याला गप्प बसलेलं पाहिलं होतं, आणि अशा गप्प बसण्याचा अर्थ काय ते लिहून काढलं होतं. आज ती स्वतः गप्प बसली आणि समोरची बाई तिच्याकडे बघत राहिली.

दानित्साने खोकं खाली ठेवलं. फळीपाशी गेली आणि कुंड्यांवरून नजर फिरवत शेवटच्या कुंडीपाशी थांबली. भिंतीकडे वळवलेली ती कुंडी तिने फिरवली. मातीला बोट लावलं. शेजारच्या दोन कुंड्यांना लावलं, त्या कोरड्या ठणठणीत होत्या, आणि उगीचच वीतभर लांब सरकलेल्या होत्या. ती तिथेच उभी राहिली. रुमालाच्या कडेपाशी तिचा कान हळूहळू लाल होत गेला.

आत नळ बंद झाला. “दानी, साखर दोन ना?” क्लेमनी हाक मारली.

“एक!” तिने ओरडून सांगितलं. “सांगितलं ना तुला शंभरदा, एक!”

मग तिने कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर केल्या आणि कुंड्या हलवायला लागली. निळी एचेव्हेरिया उचलून तिने सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवली. लवेच्या पानांची दुसरी कुंडी, ती लहान लहान नाजूक रोपं, खोक्यातून परत आणलेली तिन्ही, सगळी एकेक करून वर गेली. क्लेमचा उजवा हात गेल्या वर्षापासून खांद्याच्या वर जात नव्हता. मधली फळी रिकामी झाली, तेव्हा तिने कोपऱ्यातून जेडच्या तीन जाडजूड कुंड्या ओढून काढल्या. मनगटाएवढे बुंधे, वाटेल ते सोसणारी झाडं, जुलैतलं पाणीसुद्धा. त्या तिने मधल्या फळीवर, अगदी पुढे, उभ्या माणसाच्या हाताशी येतील अशा मांडून ठेवल्या.

“हं,” ती म्हणाली आणि हात झटकले. “तू थांबतेस का जेवायला?”